स्वस्त तेलाचीं घरें

उपनगर हा शब्द उच्चारतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम आगगाडीचें स्टेशन उभें राहतें, आणि तें साहजिकच आहे. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें हा लोहमार्ग झाला. १८९६ च्या प्लेगानंतर इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या आंखल्या. १९२५ सालीं विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. ह्या सर्व काळांत मुंबईच्या मध्यम वर्गानें बिऱ्हाड कोठें करावें ह्या प्रश्नाचा निकाल, स्टेशन किती मिनिटांच्या वाटेवर आहे, ह्या एकाच मापानें लावला. पार्ल्याचा मास्तर काय किंवा डोंबिवलीचा कारकून काय, त्याच्या संसाराची घडी गाडीच्या वेळापत्रकाशीं बांधलेली होती. गाडी चुकली तर साहेबाचीं बोलणीं खावीं लागत; परंतु दूर अरबस्तानांतील एखाद्या राजानें मनांत आणलें म्हणून राहतें घरच परवडेनासें होईल, असें भय त्याला कधीं पडलें नाहीं.

अमेरिकेंतील उपनगरांची गोष्ट निराळी आहे. तेथील मध्यम वर्गाचें घर, त्या घरापासून कचेरीचें, शाळेचें आणि वाण्याच्या दुकानाचें अंतर, फार काय हिवाळ्यांतील ऊबसुद्धां, खनिज तेलाच्या भावावर अवलंबून राहिली. आणि असें अवलंबून आहोंत ह्याची जाणीव तेथील गृहस्थास तो भाव चढेपर्यंत झाली नाहीं. आपल्याकडेही आतां स्टेशनाचा आधार सोडून हमरस्त्यांच्या कडेनें नव्या वसाहती उठत आहेत. तेव्हां ज्यांनीं ही वाट पाऊणशें वर्षांपूर्वीं धरली त्यांचें काय झालें, हें पाहणें वाचकांस निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आम्हांस आशा आहे.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां अमेरिकेंत घरांचा विलक्षण तुटवडा होता. १९२९ च्या मंदीपासून घरबांधणी मंदावलेली. त्यांत युद्धावरून परतलेले लक्षावधि तरुण, त्यांचीं नवीं लग्नें आणि नवीं मुलें. कोणी सासऱ्याच्या घरीं एका खोलींत, कोणी रिकाम्या लष्करी बराकींत दिवस काढीत होता. गृहकर्जास हमी देणारें सरकारी खातें १९३४ सालींच निघालें होतें. १९४४ सालीं परतणाऱ्या सैनिकांसाठीं खास कायदा होऊन त्यांस पदरचा पैसा न घालतांही घर घेण्याची सोय झाली. ही संधि ज्यांनीं अचूक हेरली त्यांत लेव्हिट बापलेक अग्रगण्य होते. न्यूयॉर्कच्या पूर्वेस लाँग आयलंड म्हणून जें लांबट बेट आहे, त्यावरील बटाट्यांचीं शेतें त्यांनीं विकत घेतलीं, आणि १९४७ पासून १९५१ पर्यंत तेथें १७,४४७ घरें उभीं केलीं. वसाहतीस नांवही आपलेंच दिलें, लेव्हिटटाउन.

मोटारीच्या कारखान्यांत माल पट्ट्यावरून सरकत जातो आणि मजूर जागच्या जागीं उभा असतो. येथें घर जागच्या जागीं उभें, आणि मजुरांच्या टोळ्या एका घरावरून दुसऱ्या घरावर सरकत. एका टोळीनें फरशीच ओतावी, दुसरीनें छप्परच घालावें, तिसरीनें रंगच द्यावा. काम भरांत आलें म्हणजे एका दिवसांत तिसांहून अधिक घरें पुरीं होत. साठ फूट रुंद आणि शंभर फूट खोल असा जमिनीचा तुकडा, त्यावर आटोपशीर घर, पुढें हिरवळ. १९४९ सालीं किंमत ७,९९० डॉलर. सारीं घरें एकाच साच्यांतून काढलेलीं म्हणून त्या काळच्या शिष्ट टीकाकारांनीं पुष्कळ नाकें मुरडलीं. आम्हांस ती टीका पोटभरल्या माणसांची वाटते. ज्याची बायको वर्षभर दुसऱ्याच्या चुलीवर स्वयंपाक करीत आली, त्याला स्वतःची चूल शेजाऱ्याच्या चुलीसारखीच आहे ह्याचें दुःख होत नाहीं.

मात्र त्या घराची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यास तळघर नव्हतें. जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या फरशींत तांब्याच्या नळ्या बसविलेल्या असत, आणि त्यांतून कढत पाणी खेळवून हिवाळ्यांत घर ऊबदार ठेवीत. तें पाणी तापविणारी भट्टी तेलावर चाले. पहिल्या पिढींतले पुष्कळ गृहस्थ जवळच्या स्टेशनावरून आगगाडीनेंच न्यूयॉर्कला जात हें खरें. लेव्हिटनेंही वस्तींत पायीं जातां येईल अशा अंतरावर लहान बाजारचौक आणि पोहण्याचे तलाव केले होते. पण ही व्यवस्था फार दिवस टिकली नाहीं. १९२७ सालीं ज्या मैदानावरून लिंडबर्गनें अटलांटिक ओलांडण्यासाठीं उड्डाण केलें, त्याच रूझवेल्ट फील्डवर १९५६ सालीं एक प्रचंड बाजारपेठ उघडली. तिच्या भोंवतीं हजारों मोटारी उभ्या राहतील एवढें पटांगण. चौकांतल्या किरकोळ दुकानदाराचा तिच्यापुढें काय पाड लागणार? कारखाने आणि कचेऱ्याही हळूहळू शहर सोडून अशाच मोकळ्या जागीं गेल्या, आणि नवरा एका दिशेस, बायको दुसऱ्या दिशेस अशी स्थिति होऊन घरोघर दुसरी मोटार आली.

ह्या अंतरास कायद्याचेंही पाठबळ होतें. १९२६ सालीं ओहायो संस्थानांतील युक्लिड नांवाच्या गांवच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, गांवाच्या कोणत्या भागांत घरें असावींत, कोणत्या भागांत दुकानें आणि कोणत्या भागांत कारखाने, हें ठरविण्याचा गांवास अधिकार आहे. धुराड्याच्या शेजारीं घर नको हा हेतु रास्तच होता. परंतु पुढें त्याचा असा कांहीं अतिरेक झाला कीं, आपल्या पेठांतून असतें तसें खालीं दुकान आणि वर बिऱ्हाड हें दृश्य नव्या उपनगरांतून बहुतेक ठिकाणीं बेकायदेशीरच ठरलें. कोथिंबिरीची जुडी आणावयास गाडी काढावी लागते, हें त्या लोकांच्या आळसाचें लक्षण नव्हे. त्यांच्या गांवच्या नियमांतच तें लिहिलेलें आहे.

आतां तेलाकडे वळूं. महायुद्धाच्या सुमारास जगांत निघणाऱ्या खनिज तेलापैकीं निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेंत निघत असे. तेथील तेलवाल्यांस तेल अपुरें पडेल ही चिंता कधीं नव्हतीच. तें बेसुमार होईल हीच होती. १९३० सालीं पूर्व टेक्ससमध्यें तेलाचा अफाट सांठा सांपडला, आणि पुढच्याच उन्हाळ्यांत तेथें पिंपाचा भाव दहा सेंटांच्या आसपास कोसळला. तेव्हां विहिरी बंद पाडण्यासाठीं टेक्ससच्या गव्हर्नरास फौज पाठवावी लागली! त्यानंतर कोणत्या विहिरींतून किती तेल काढावें हें दरमहा ठरविण्याचें काम टेक्ससच्या रेल्वे कमिशनाकडे आलें. आगगाड्यांचे दर ठरविण्यासाठीं १८९१ सालीं नेमलेलें हें मंडळ पुढें चाळीस वर्षें एका अर्थीं जगाच्या तेलाचा तोल सांभाळीत बसलें. विहिरींच्या तोंडावर त्याचा हात असे. म्हणून कोठें तूट आली तर तो हात जरा सैल करावा कीं काम भागे. लेव्हिटटाउनच्या यजमानास ह्या कमिशनाचें नांवही ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्याच्या संसाराचा खरा विमा मात्र तेंच होतें.

१९५६ सालच्या जूनमध्यें ४१,००० मैलांचे राजरस्ते बांधण्याचा कायदा झाला. खर्चाचा शेंकडा नव्वद भाग मध्यवर्ती सरकारनें सोसावयाचा, आणि त्यासाठीं पेट्रोलवरचा कर गॅलनला दोन सेंटांवरून तीन सेंट करावयाचा. हा पैसा केवळ रस्त्यांसाठीं राखून ठेवला जाई. म्हणजे तेल जाळावें, त्यांतून कर यावा, करांतून रस्ता व्हावा, रस्त्यानें घरें आणखी दूर न्यावींत, आणि दूरच्या घरांनीं आणखी तेल जाळावें, असें हें रहाटगाडगें होतें. त्याच वर्षीं, कायदा होण्यापूर्वीं तीन महिने, सॅन अँटोनियो येथें तेलवाल्यांच्या एका सभेंत शेल कंपनीच्या नोकरींतील हबर्ट नांवाच्या भूशास्त्रज्ञानें असें भाकित वाचून दाखविलें होतें कीं, अमेरिकेच्या तेलाचें उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास कळसास पोंचून नंतर उतरूं लागेल. रस्ते बांधणारांनीं त्याची दखल घेतल्याचें दिसत नाहीं.

ह्या रस्त्यांची किंमत शहरांतल्या लोकांनींही भरली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतून जो रुंद मोटाररस्ता रॉबर्ट मोझेस ह्या अधिकाऱ्यानें नेला, त्याच्या एका मैलाच्या तुकड्यापायीं सुमारें दीड हजार बिऱ्हाडें उठवलीं गेलीं. उठलेल्यांपैकीं सर्वांसच उपनगरांत जागा होती असें नाहीं. लेव्हिटच्या पहिल्या करारांतच गोऱ्यांवांचून इतरांस घर वापरूं देऊं नये असें कलम होतें. तसलें कलम न्यायालयें बजावून देणार नाहींत असा निर्णय १९४८ सालीं झाला, तरी रीत सुटली नाहीं. १९५७ च्या ऑगस्टांत पेनसिल्व्हेनियांतील लेव्हिटटाउनमध्यें विल्यम आणि डेझी मायर्स हें पहिलें काळें कुटुंब राहावयास आलें, तेव्हां त्यांच्या दारापुढें जमाव जमून दगडफेक झाली. स्वस्त तेलाचा लाभ कोणाकोणास मिळाला हें सांगतांना ज्यांस तो मिळूं दिला नाहीं त्यांचा उल्लेख टाळतां येत नाहीं. कारण पुढें तेल महाग झालें तेव्हां दुबळ्या झालेल्या शहरांत तेच लोक मागें राहिले होते.

लॉस एंजेलीसविषयीं एक प्रवाद येथें तपासून पाहिला पाहिजे. तेथें विजेच्या आगगाड्यांचें मोठें जाळें होतें, आणि मोटारवाल्यांनीं व तेलवाल्यांनीं कट करून तें बुडविलें, असें सांगतात. ट्रामकंपन्या विकत घेणाऱ्या एका मंडळीस आणि तिच्या पाठीराख्या मोटार-तेल कंपन्यांस १९४९ सालीं गाड्या व माल पुरविण्याच्या मक्तेदारीबद्दल शिक्षा झाली, एवढें खरें. परंतु तें जाळें मुळांत हंटिंग्टन ह्या धनिकानें आपल्या जमिनीचे तुकडे विकले जावेत म्हणून घातलें होतें. तुकडे विकले गेल्यावर तोट्यांतल्या गाड्या चालविण्यांत कोणास रस उरला नाहीं. शेवटची गाडी १९६१ सालीं बंद पडली. कटाची कथा सोयीची असते खरी. तिच्यामुळें ज्या लक्षावधि लोकांनीं स्वखुषीनें मोटार पसंत केली त्यांस हिशेबांतून वगळतां येतें.

१९७० च्या खानेसुमारींत अमेरिकेंतील उपनगरांची वस्ती मध्यवर्ती शहरांच्या वस्तीपेक्षां अधिक भरली. हबर्टनें सांगितल्याप्रमाणें त्याच वर्षीं तेथील तेलाचें उत्पादन कळसास पोंचून उतरणीला लागलें. १९७२ च्या मार्चमध्यें टेक्ससच्या रेल्वे कमिशनानें विहिरींस पूर्ण शक्तीनें तेल काढण्याची मुभा दिली. ही बातमी त्या वेळीं फारशी कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं. तिचा अर्थ असा कीं, हात सैल करावयास आतां कांहीं उरलें नाहीं. तूट आली तर ती भरून काढणारा टेक्ससमध्यें कोणी नाहीं.

तूट दीड वर्षांतच आली. ६ ऑक्टोबर १९७३ रोजीं इजिप्त आणि सीरिया ह्यांचें इस्राएलशीं युद्ध पेटलें. १६ तारखेस इराणी आखाताच्या कांठच्या राष्ट्रांनीं तेलाचा भाव एकदम शेंकडा सत्तरांनीं वाढवून पिंपास ५.१२ डॉलर केला. दुसऱ्या दिवशीं अरब राष्ट्रांनीं उत्पादन घटविण्याचें ठरविलें, आणि लौकरच अमेरिकेस तेल देणें बंद झालें. १ जानेवारी १९७४ पासून भाव ११.६५ डॉलर झाला. त्या हिवाळ्यांत उपनगरांतील गृहस्थानें पूर्वीं न पाहिलेली गोष्ट पाहिली. ती म्हणजे रांग. युद्धाच्या काळांत शिधापत्रिका घेऊन उभे राहिलेले लोक अद्याप हयात होते, पण त्यांच्या मुलांस हा अनुभव नवा होता. पंपावर पहांटेच गाड्यांची शेपटी लागे. कांहीं संस्थानांत गाडीच्या नंबराचा शेवटचा आंकडा सम असेल तर सम तारखेस आणि विषम असेल तर विषम तारखेस पेट्रोल मिळे. घरांतील उष्णमान ६८ अंशांपर्यंत उतरवावें, रविवारीं पंप बंद ठेवावेत, अशी विनंति राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनीं केली. राजरस्त्यांवर ताशीं ५५ मैलांची मर्यादा आली. जानेवारींत घड्याळें एक तास पुढें केलीं गेलीं, आणि त्यामुळें लहान मुलांस भर काळोखांत शाळेस निघावें लागूं लागलें. तो प्रयोग वर्ष संपण्याच्या आंतच आंवरता घ्यावा लागला. १९६५ च्या कायद्यानें अमेरिकेचें दार उघडल्यावर जे मराठी डॉक्टर आणि इंजिनियर तिकडे गेले, तेही बव्हंशीं न्यू जर्सीसारख्या ठिकाणच्या उपनगरांतच राहिले. रॉकेलच्या रांगा मागें टाकून गेलेल्या ह्या मंडळींस श्रीमंत देशांतली ती रांग पाहून काय वाटलें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

सर्व दोष अरबांवर ढकलणें सोपें होतें, आणि पुष्कळांनीं तेंच केलें. वस्तुतः भाववाढ अरबांची असली, तरी रांग बव्हंशीं घरचीच होती. निक्सन सरकारनें १९७१ च्या ऑगस्टांत भाव बांधले होते, आणि तेलावरचें तें बंधन पुढेंही राहिलें. मग १९७३ च्या नोव्हेंबरांत वांटपाचा कायदा झाला. कोणत्या भागास किती पेट्रोल जावें हें मागील खपावरून ठरे. परंतु पेट्रोल महागलें म्हणजे लोक लांबचे प्रवास टाळून घराभोंवतींच गाडी चालवितात. त्यामुळें सहलीच्या ठिकाणीं पेट्रोल पडून राही आणि भरवस्तीच्या उपनगरांत तें दुपारींच संपे. त्यांत लोकांनीं भीतीनें अर्धी भरलेली टांकीही पुन्हा भरावयास न्यावी, म्हणजे रांग आणखी वाढे. मार्चमध्यें तेलबंदी उठली. रांगा गेल्या, भाव मात्र उतरला नाहीं.

ह्या पांच महिन्यांनीं एक गोष्ट उघड केली, ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. घरधनी पुष्कळ कांहीं करूं शके. तो अंगावर लोकरीचा सदरा चढवून भट्टी मंद करी; जुनी अवजड गाडी देऊन लहानशी जपानी गाडी घेई; दोन शेजारी मिळून एका गाडींतून कामास जात. पण घर आणि कचेरी ह्यांतलें अंतर तो एका हातानेंही कमी करूं शकत नव्हता. तें अंतर काँक्रीटमध्यें ओतलेलें होतें, गांवच्या नियमांत लिहिलेलें होतें, आणि तीस वर्षांच्या हप्त्यांनीं त्याच्या गळ्यांत बांधलेलें होतें. अंथरूण पाहून पाय पसरावे अशी आपली म्हण आहे. ह्यांनीं अंथरूण पाहूनच पाय पसरले होते; अंथरूणच मागाहून आंखडलें.

दुसरा तडाखा १९७९ सालीं बसला. इराणांत क्रांति होऊन १६ जानेवारीस शहा देश सोडून गेला; तत्पूर्वींच तेथील तेल बाहेर येणें थांबलें होतें. मे महिन्यांत कॅलिफोर्नियांत सम-विषम तारखांचा नियम पुन्हा आला, आणि जूनपर्यंत रांगा पूर्व किनाऱ्यास पोंचल्या. पेनसिल्व्हेनियांतील ज्या लेव्हिटटाउनचा उल्लेख वर आला, तें १९५२ ते १९५८ ह्या काळांत डेलावेअर नदीच्या कांठीं वसलें होतें, घरें १७,३११. शेजारींच युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीचा फेअरलेस नांवाचा पोलादाचा कारखाना असल्यामुळें तेथें कामगार आणि फोरमन ह्यांची वस्ती बरीच होती. तेथील एका नाक्यावर पांच रस्ते एकत्र येतात आणि पेट्रोलचे पंप आहेत. २३ जूनच्या शनिवारीं संध्याकाळीं ट्रकवाल्यांनीं डिझेलच्या भावाविरुद्ध आणि ५५ मैलांच्या मर्यादेविरुद्ध निदर्शन म्हणून ह्या नाक्यावर ट्रक आडवे घातले. बघ्यांची गर्दी जमली. ती ट्रकवाल्यांस प्रोत्साहन देऊं लागली, पेट्रोल पाहिजे म्हणून ओरडूं लागली, आणि पोलिसांनीं हटवूं पाहतांच बिथरली. रस्त्याच्या मध्यावर मोटारी पेटविल्या गेल्या, पंपांची मोडतोड झाली. दुसऱ्या रात्रीं तोच प्रकार अधिक मोठ्या जमावानें केला. दोन रात्रींत शंभराहून अधिक लोक जखमी झाले आणि शंभराहून अधिकांस पोलिसांनीं पकडलें.

स्वतःच्या मालकीचें घर आणि जमिनीचा तुकडा असलेला माणूस कधीं कम्युनिस्ट व्हावयाचा नाहीं, त्याला घरच्या कामांतूनच सवड नसते, अशा अर्थाचें विल्यम लेव्हिट म्हणत असे. त्याचें म्हणणें खोटें ठरलें नाहीं. ह्या दंग्यांत सांपडलेलीं माणसें कम्युनिस्ट नव्हतीं, उपाशी नव्हतीं, बेघर तर नव्हतींच. त्यांत पुष्कळसे त्याच गांवांत लहानाचे मोठे झालेले तरुण होते. ज्या दिवशीं कामास जाण्यापुरतें पेट्रोल मिळणार नाहीं त्या दिवशीं ह्या गांवांत राहण्यास कांहीं अर्थ उरत नाहीं, हें मोटार जाळणाऱ्यांस ग्रंथ वाचल्यावांचून कळलें होतें.

तीन आठवड्यांनीं, १५ जुलैस, राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनीं राष्ट्रापुढें भाषण करून देशाचा आत्मविश्वासच डळमळला आहे असें निदान केलें आणि काटकसरीचा उपदेश केला. भाषण आरंभीं लोकांस आवडलें, मग त्याची टवाळी झाली. पण उपनगरांवर खरा परिणाम दुसऱ्याच एका गोष्टीचा झाला. ऑगस्टांत पॉल व्होल्कर हे मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. भाववाढ मोडून काढण्यासाठीं त्यांनीं पैसा इतका दुर्मिळ केला कीं, १९८१ च्या ऑक्टोबरांत गृहकर्जाच्या व्याजाचा दर शेंकडा अठरावर गेला. येथें बाप आणि मुलगा ह्यांच्या वाटा फुटतात. बापानें १९५० च्या सुमारास शेंकडा चार-साडेचार व्याजानें कायम हप्त्याचें कर्ज घेतलें होतें. महागाईनें त्याचा पगार वाढला, हप्ता तेवढाच राहिला, आणि तेलाचा भार सोसूनही तो तरला. किंबहुना महागाईनेंच त्याचें कर्ज खाऊन टाकलें. मुलास त्याच रस्त्यावरचें तसलेंच घर अनेक पट किंमतीस आणि अठरा टक्क्यांनीं घेणें अशक्य झालें. त्यांत कारखान्याची नोकरीही डळमळूं लागली होती. फेअरलेसचा मोठा भाग अखेर १९९१ सालीं बंद पडला.

१९८६ सालीं तेलाचा भाव कोसळून पिंपास दहा डॉलरांच्या घरांत आला, आणि झालेलें सारें विस्मृतींत गेलें. नव्या मोटारींनीं १९८५ पर्यंत गॅलनमागें सरासरी साडेसत्तावीस मैल जावें असा कायदा १९७५ सालीं झाला होता. परंतु ट्रकांस त्यांत ढिलाई होती. म्हणून ट्रकाच्या सांगाड्यावर घरगुती गाडीचा साज चढविलेल्या अवजड मोटारी निघाल्या आणि लोकप्रिय झाल्या. घरें आणखी मोठीं झालीं, आणखी दूर गेलीं.

किती दूर, तें पाहावयाचें तर कॅलिफोर्नियांत जावें लागेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोंवतीं घरांचे भाव सामान्य नोकरदाराच्या आंवाक्याबाहेर गेल्यावर तो पूर्वेस सरकूं लागला. कर्ज मंजूर होण्याजोगें घर सांपडेपर्यंत गाडी हांकीत जावी, अशी तिकडे एक बोलण्याची रीतच पडली होती. डोंगराची अल्टामाँट खिंड ओलांडून, सुमारें ऐंशीं मैलांवर, स्टॉकटन हें जुनें शेतमालाचें बंदर आहे. त्याच्या कडेनें नव्या शतकाच्या आरंभीं हजारों घरें उठलीं. आम्हीं एक साधा हिशेब करून पाहिला. जातांयेतां एकशें साठ मैल, गाडी गॅलनास वीस मैल जाणारी, महिन्यास बावीस दिवस काम. पेट्रोल दीड डॉलरनें मिळे तेव्हां महिन्याचा खर्च २६४ डॉलर. चार डॉलर झालें तेव्हां ७०४. हा वाढीव बोजा ज्यांवर पडला त्यांतल्या पुष्कळांचें कर्ज पहिलीं दोन वर्षें कमी व्याजाचें आणि मग वाढत्या व्याजाचें होतें, आणि ती वाढही ह्याच सुमारास अंगावर आली.

११ जुलै २००८ रोजीं पिंपाचा भाव १४७ डॉलरांवर पोंचला, आणि त्या महिन्यांत अमेरिकेंत पेट्रोल गॅलनास चार डॉलरांवर गेलें. घरांचा बाजार तेलानें बुडविला असें आम्ही म्हणत नाहीं. बेजबाबदार कर्जें देणारे आणि तीं कर्जें पुड्या बांधून जगास विकणारे ह्यांचें तें कर्तृत्व आहे, आणि घसरण २००६ सालींच सुरू झाली होती. पण ती सर्वत्र सारखी झाली नाहीं. पुष्कळ शहरांत मध्यावरचीं आणि आगगाडीच्या सोयीचीं घरें थोडीं उतरलीं, कडेचीं घरें कोसळलीं. पांच वर्षांपूर्वीं स्वस्त म्हणून घेतलेला प्रत्येक मैल विकतांना उलटला. त्याच डिसेंबरांत तेल पुन्हा चाळीस डॉलरांच्या खालीं आलें. परंतु तोंवर ज्यांच्या दारांवर जप्तीच्या नोटिसा लागल्या होत्या त्यांचीं घरें कांहीं परत आलीं नाहींत.

कर देणारे गेले म्हणजे नगरपालिकेचें काय होतें, हेंही स्टॉकटनमध्यें दिसलें. भरभराटीच्या काळांत नव्या कचेरीसाठीं म्हणून घेतलेली आठ मजली इमारत कर्जापायीं बँकेनें ताब्यांत घेतली, आणि २८ जून २०१२ रोजीं शहरानें दिवाळखोरीचा अर्ज केला. तोंपर्यंत अमेरिकेंत इतक्या मोठ्या शहरानें दिवाळें काढलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं मोटारींची राजधानी डेट्रॉइट हिनें तो मान हिरावून घेतला.

मध्यंतरीं खडक फोडून तेल काढण्याची युक्ति साधली, आणि २०१८ पासून अमेरिका पुन्हा जगांत सर्वांत अधिक तेल काढूं लागली. आतां भय संपलें असें कित्येकांस वाटलें. परंतु घरचें तेलही जगाच्या बाजारभावानेंच विकलें जातें. रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यानंतर, २०२२ च्या जूनमध्यें, त्याच अमेरिकेंत पेट्रोलनें गॅलनास पांच डॉलरांची मर्यादा प्रथमच ओलांडली. स्टॉकटन आणि भोंवतालच्या गांवांतून तोंवर पुन्हा घरें भरलीं होतीं, आणि खिंडींतून पहांटे मोटारींची रांग पूर्ववत् लागत होती. १९९८ पासून स्टॉकटनहून सॅन होझेपर्यंत ह्याच खिंडींतून एक डिझेलची आगगाडी जाते. सकाळीं मोजक्या फेऱ्या, संध्याकाळीं तितक्याच परत. पहिली गाडी उजाडण्याच्या आधीं सुटते. लॅथ्रॉप, ट्रेसी हीं तिच्या वाटेवरचीं स्टेशनें. त्यांच्याशेजारीं बिऱ्हाडें किंवा वाण्याचीं दुकानें पाहावयास गेल्यास निराशा होईल. तेथें मोटारी उभ्या करण्याचीं पटांगणें आहेत.